शेजारणीच्या कूलरमागची चूल

बोरवेलसाठी ठेवलेल्या पैशांचं मी गेट केलं. लोखंडी, दोन मोरांचं, मोरांच्या चोचीत वेल. प्लॉटला भिंत नव्हती, कुंपण नव्हतं, चारी बाजूंनी गाजरगवत. आणि रस्त्याकडे तोंड करून हे एकटं गेट, कुलपासकट. कुत्री त्याच्या बाजूनं ये-जा करायची. माणसंही. मी तेवढी रोज कुलूप उघडून आत जायची आणि आतून परत लावायची. चाळिशीला आलेली बाई, दोन लेकरांची आई, आणि अक्कल त्या मोरांएवढी.

"अन् पाणी?" नवऱ्यानं विचारलं होतं.

"शेजारच्या वैनी देतो म्हणते न! घरची विहीर हाय तिची."

शेजारीण तसं म्हणाली होती खरं. बोरगाव मेघेच्या त्या लेआउटमध्ये तेव्हा मोजकीच घरं होती, आणि आमच्या प्लॉटला लागून तिचंच. "घ्या न जी पाणी," ती म्हणाली. "विहीर का उशाशी घेऊन झोपाची हाय?" या एका वाक्यावर मी विरघळले. इतकी, की राहण्यासाठी टिनाची खोली घालायची वेळ आली तेव्हा ती मी तिच्या भिंतीजवळच घालायला लावली. नवरा म्हणत होता, दुसऱ्या टोकाला कडुनिंबाची सावली आहे, तिथं घालू. "तिथं बोलाले कोन हाय?" मी म्हटलं. "निंब?"

लोहा आणि सिमेंट चोरीला जाऊ नये म्हणून आम्ही किरायाची खोली सोडून मार्चमध्येच त्या टिनाखाली राहायला आलो. लेकरांना आष्टीला माहेरी पाठवलं. सिमेंटच्या पोत्यांवर गादी टाकून आम्ही दोघं झोपायचो. सकाळी मी केस झटकले की तेवढ्या सिमेंटात एखादी पायरी बांधून होईल असं वाटायचं. दुपारी खोलीत बसणं म्हणजे भाकरीच्या जागी आपणच तव्यावर बसणं. पण मी खूश होते. शेजारच्या घरातला शब्द न् शब्द टिनातून ऐकू यायचा, सोबत म्हणून. तसा त्या घरात बोलायचा मक्ता शेजारणीकडेच होता. तिच्या म्हाताऱ्या सासूच्या वाट्याला "बसा न गप" एवढंच यायचं, दिवसातून कितीदा तरी.

प्लॉटवरची काळी माती उकरून काढली. ती पावसात फुगते आणि भिंतींना तडे देते, म्हणून तिच्या जागी मुरूम भरून ठोकला. तोवर सगळं गोड होतं. विहिरीवरून पाइप यायचा, पाइपामागून चहा यायचा. मग जोतं वर यायला लागलं आणि एका संध्याकाळी शेजारीण भिंतीशी येऊन उभी राहिली. आधी आमचं जोतं पाहिलं, मग स्वतःचं.

"लय वर घेऊन राह्यले जी."

"रस्ता दरवर्षी वर येते न वैनी. मिस्तरी म्हणते, आताच उंच घ्या."

"म्हंजे पावसाचं पाणी आमच्या आंगनात?"

मी हसले. मला वाटलं, थट्टा करते आहे. थट्टा कशाला म्हणतात हेही त्या बयेला, म्हणजे मला, कळत नव्हतं.

बीम ओतला त्याच्या दुसऱ्या सकाळी पाइप कोरडा.

"काऊन वैनी, मोटर बंद हाय का?"

"जयली." म्हणजे मोटर जळली.

"मंग कूलरमधी पाणी कुठून येऊन राह्यलं?"

"ते आधीचं हाय," ती म्हणाली, आणि जाता जाता पदर झटकून वर ऐकवलं, "टिनात राह्यनाऱ्याइले महाल पाह्यजेत!"

मिस्तरी बीमवर हात ठेवून म्हणाला, "बाई, या उन्हात तराई नाई झाली तं हे तडकते. मंग याच्यावर घर उभं करू नका." तराई म्हणजे ताज्या सिमेंटवर पोती टाकून ती सतत भिजत ठेवायची. आमच्याजवळ होतं नव्हतं ते त्या बीममध्ये गेलं होतं. दुसरा ओतायची ऐपत नव्हती. नवरा लांबच्या हातपंपावरून स्कूटरवर पाण्याच्या डबक्या, प्लास्टिकचे कॅन, आणायचा; ओतलेलं पाणी दुसरी डबकी येईपर्यंत वाळून जायचं. मला तो एक शब्द बोलला नाही. फक्त दर खेपेला आत शिरताना थांबून गेटवरच्या मोरांना विचारायचा, "रामराम! पाणी हाय का जी?"

आणि इकडे शेजारणीचा कूलर. तो तिच्या मागच्या खिडकीला होता, पाठ आमच्याकडे. वाळ्याच्या ताट्यांतून पाणी टपटप आमच्याच जागेत गळायचं. बीमला थेंब नाही आणि मुरुमाला अभिषेक. मी पोत्यावर बसून ते टपकणं ऐकायची आणि तिचं काय करू, काय नको असं मला व्हायचं. संडासाची टाकी तिच्या खिडकीखाली खोदावी. पहाटे ओरडणारा कोंबडा पाळावा, दोन पाळावेत. जोतं आणखी हातभर वर घ्यावं आणि त्यावर खुर्ची टाकून दिवसभर तिच्या अंगणात बघत बसावं. पण यातल्या कशानंच पाणी येणार नव्हतं, आणि खुर्चीही नव्हती.

मग एका सकाळी बाहेरच्या चुलीवर चहा ठेवला. सेंट्रिंगच्या फळीचा ओला तुकडा होता, धूर झाला. तो धूर वर गेला नाही. कूलर बाहेरची हवा ओढतो ना, तसा तो आडवा वळला, खालमानेनं सासरी निघालेल्या पोरीसारखा, आणि ताटीतून शेजारणीच्या घरात गेला.

त्या क्षणी माझ्यातली बावळट बाई उठून गेली. ती पुन्हा आली नाही, असं मी नातवंडांना सांगते.

वर्षाचं तिखट करायचे दिवस होतेच. भिवापुरी मिरच्या वाळवून ठेवलेल्या होत्या. मी विटा हलवल्या, चूल बरोबर कूलरच्या पाठीशी मांडली, कढई चढवली, तेल जरा जास्तच तापू दिलं आणि मूठभर मिरच्या सोडल्या. स्वतः तोंडाला ओला पंचा बांधला. पहिली शिंक आली ती शेजारणीच्या नवऱ्याची, भारदस्त. मग तिची, मग दोघांच्या एकात एक. भांडं पडलं. "अवं, कोन मेलं काय जाळून राह्यलं!"

"तिखट करून राह्यली जी वैनी!" मी ओरडले. "वर्षाचं हाय!" आणि दुसरी मूठ टाकली. काय सांगू, पुढं घराची वास्तुशांती झाली, पण इतकी शांती मला तेव्हाही मिळाली नाही.

तेवढ्यात तिच्या मागच्या दारातून सासू बाहेर आली. नाकाला पदर, डोळ्यांतून धारा, खोकून कमरेत वाकलेली. म्हातारीची खाट कूलरसमोरच असायची, आणि माझ्या डोक्यात ती आलीच नव्हती. मी कढई उतरवली. बीम गेला, पाणी गेलं, आता या म्हातारीचे शिव्याशाप तेवढे घ्यायचे राहिले.

दुपारी ती आलीच. काठी टेकत. बाजूनं नाही आली. गेटसमोर थांबली आणि कुलूप वाजवलं. त्या गेटचं कुलूप वाजवणारी ती पहिलीच. मी धावत जाऊन उघडलं. ती आत आली, सिमेंटच्या पोत्यावर टेकली, मडक्यातलं पाणी मागून घेतलं आणि सावकाश प्यायली. मी उभीच. मग तिनं बीमवरच्या वाळलेल्या पोत्यांकडे पाहिलं, आणि मग माझ्या कढईकडे.

"मिरच्या सरल्या का हायेत?"

"हायेत," मी म्हटलं.

"मंग उद्या भाजाच्या आधी मले आवाज देजो, पोरी. मी मोटरचं बटन दाबून निंबाखाली येऊन बसतो. तिले राहू दे कूलरपुढं."