भाचीची चौकशी

"सहज आलो," असं म्हणत ते दुकानात शिरत. शिरताच आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, मग स्वतःच्या मनगटाकडे आणि शेवटी आपल्याकडे. सरकारी कामगार अधिकारी सहज येतो यावर धुळ्यात कोण विश्वास ठेवेल? तुम्ही ठेवला असतात?

माझं देवपुरात शाळेच्या गणवेशांचं दुकान. साहेब पहिल्यांदा आले तेव्हा मी चहा मागवला. घेतला नाही. त्यांच्या नातवासाठी शर्ट-पँट बांधून पुढे केली, तर पावती मागितली. तेव्हाच माझा संशय पक्का झाला. चहासुद्धा न घेणारा माणूस नक्की काहीतरी मोठं घेणार.

संशयात तेही कमी नव्हते. कामावरच्या पोरांना ते वय कधी विचारत नसत. "वय मालक पाठ करून घेतो," म्हणत. ते विचारत, "वर्गशिक्षक कोण तुझे?" शेजारच्या चपलांच्या दुकानदाराने आपल्याकडे कामाला असलेला पोरगा अठरा पूर्ण असल्याचं छातीठोक सांगितलं. पोरगा मात्र साहेबांना "जाधव बाई" म्हणून मोकळा झाला. बारा वर्षांचा निघाला. मालकावर केस झाली.

त्या सीझनला माझ्याकडे पंधरा वर्षांची एक मुलगी होती. तिची आई आमच्या गणवेशांना काज-बटण करून द्यायची. मुलगी गिऱ्हाइकाच्या पोराकडे नुसती बघायची आणि सांगायची, "तीस. वर्षभर टिकवायचा असेल तर बत्तीस." टेप मी उगाच गळ्यात घालून फिरायचो. असं माणूस हातचं कोण सोडतं? सकाळी दहा ते रात्री नऊ मी तिला काउंटरला उभी ठेवायचो. शाळा सुरू झाली तरी "रविवारपर्यंत थांब" म्हणालो. मग पुढच्या रविवारपर्यंत.

"भाऊ, यंदा तिची दहावी शे," तिची आई म्हणाली.

"दहावी मार्चात असते, अक्का," मी म्हणालो. तेव्हा मला हे उत्तर हुशारीचं वाटलं होतं.

शेजाऱ्याची केस बघून मात्र घाम फुटला. पानटपरीवर कायद्याचं ज्ञान मिळालं की घरच्या पोरांनी काम केलेलं चालतं, मामाच्या दुकानातही चालतं. मी ताबडतोब तिचा मामा झालो. तिला पढवलं, "साहेब आले तर भाची म्हणायचं." ती शर्टांच्या घड्या घालत राहिली. तिथेच मला संशय यायला हवा होता.

साहेब एका गुरुवारी भर गर्दीत आले.

"ही कोण?"

"भाची, साहेब. सख्ख्या बहिणीची."

"असं? बहिणीचं नाव काय?"

सख्खी बहीण मला नाही. घाईत एकच बाईमाणूस आठवलं. "शोभा," मी म्हणालो.

"काय हो?" म्हणत माझी बायको मागच्या गोदामातून बाहेर आली.

साहेबांनी तिला नमस्कार केला. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "आखाजीला आली होती का भाची?"

आता आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, पोरं मामाच्या दारी झोके घेतात. नाही कसं म्हणणार? "म्हणजे काय, साहेब. मोठा झोका बांधला होता. उतरायलाच तयार नव्हती."

मुलीने हातातला स्कर्ट घडी करून खाली ठेवला. "नही साहेब. आखाजीले मी आठेच व्हतू. बठ्ठा दिन."

आखाजीचा अख्खा दिवस इथेच, माझ्या काउंटरला! दुकानातली गिऱ्हाइकं हसली. ती हसली नाही. तिने साहेबांनाच विचारलं, "आता माझं काम जाईल का?"

"काम कशाला जाईल? शाळा गेली ना तुझी," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "चौदा पूर्ण आहेत तिला. दुकानात चालते ती. सलग तीन तास, मग तासभर विश्रांती. विश्रांती धरून दिवसाचे सहा तास, त्यापुढे नाही. संध्याकाळी सातनंतर नाही. आठवड्याला सुट्टी, रजिस्टरला नाव. तुम्ही मामा व्हायची काही गरज नव्हती."

म्हणजे बघा, खरं सांगून तास पाळले असते तर सगळं सरळ होतं. माझ्यावर कारवाई व्हायची ती झालीच. मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात बसली. शाळा सुटल्यावर, चार ते सात, काउंटरला. वर्षभर साहेब अधूनमधून येत राहिले, सातला पाच कमी असताना. माझ्याशी एक शब्द नाही. तिची वही मागायचे आणि उभ्या उभ्या चाळायचे. मला वाटायचं, आपल्याविरुद्ध पुरावा गोळा करताहेत.

निकाल लागेपर्यंत ते निवृत्त होऊन एरंडोलला राहायला गेले होते. मी फोन लावला. "साहेब, ती पास झाली. अडुसष्ट टक्के."

"तुम्ही सांगताय," ते म्हणाले. "तिला द्या फोन."

ती फोन घेऊन ट्रायल रूममध्ये गेली, पडदा ओढून घेतला. मी हँगर लावायच्या निमित्ताने जवळ सरकलो. आत बराच वेळ ती नुसती "हो, हो" करत होती. मग हसली. माझ्या दुकानात ती इतकं मोकळं हसल्याचं मला आठवत नव्हतं.

बाहेर आल्यावर विचारलं, "काय म्हणाले गं?"

"तुम्हाला सांगू नको म्हणाले."

गेल्या हिवाळ्यात साहेब गेले. ती आता नर्सिंगला आहे. दुकानावरून जाताना थांबते, बोलते. मी अजून विचारतो. ती अजून सांगत नाही.