भावाचा अंगठा
परवा माझ्या गुडघ्याला बांधायला जवसाचं पीठ शिजवलं आणि त्या वासानं पिंगळीची, आमच्या गावची, एक संध्याकाळ आठवली. धाकटा भाऊ देशाकडून दोन सामने खेळून गावी आला होता. तिसऱ्या सामन्याचा संघ त्या दिवशी सातच्या बातम्यांत सांगणार होते. दुपारी चुलत्यांनी त्याला शेणानं सारवलेल्या खळ्यावर बॅट देऊन उभं केलं. "इंडियाकडून खेळलास, अन् माझ्या बॉलला भ्यायलास का?" कॉर्कचा चेंडू खळ्याच्या भेगेवर पडून उसळला आणि भावाच्या अंगठ्यावर बसला. सगळ्यांसमोर तो हसला, पण घरी चुलीजवळ बसून त्यानं हात पुढे केला. अंगठा वांग्यासारखा काळानिळा झाला होता. "अक्का, लय दुखायलंय. बॅट धरता येईना." नाव आलं तर त्याच आठवड्यात मैदानात उतरायचं होतं. मी जवसाचं पोटीस शिजवायला घेतलं. कातडी भाजू नये म्हणून मी ते सारखी मनगटावर लावून बघत होते, आणि तो रेडिओकडे बघत होता. बातम्या लागल्या. नावं वाचून झाली, त्यात त्याचं नव्हतं. अंगठ्याचं तर गावाबाहेर अजून कुणाला ठाऊकही नव्हतं. माझा हात थांबला. "बांध की," तो म्हणाला, "दुखायचं थोडंच थांबलंय." अंगठा पंधरवड्यात बरा झाला, पण त्याला पुन्हा बोलावणं आलं नाही. गावात आजही सांगतात, अंगठ्यापायी पोराचं क्रिकेट गेलं. चुलते तर ते सांगताना जरा फुशारायचेच. भाऊ गुमान ऐकून घेतो, आणि मीही कुणाला खरं सांगायला जात नाही.