मालनचं मडकं

निरोप घेऊन आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरला आईनं पाणीसुद्धा विचारलं नाही. निमोण्याहून शिरूर, शिरूरहून दौंड असा हातोहात आलेला तो निरोप त्यानं उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितला. मालन गेली. आत्याकडे तापानं पडली होती, पुण्याला नेताना जीपमध्येच गेली, सणसवाडीच्या अलीकडे... मी भिंतीला टेकले. आईचे हात पिठात होते. ते तसेच धरून तिनं एवढंच विचारलं, "सुई दिली हुती का तिला?" कंडक्टर बिचारा माझ्याकडे बघत राहिला. आईनं मात्र माझ्याकडे बघितलं नाही. ती चुलीपासून उठली आणि पाण्याच्या माठाशेजारी ठेवलेल्या छोट्या मडक्यावरचं फडकं ओलं करायला लागली. लेकीला काय झालंय हे विचारायला तिला संध्याकाळ झाली. लेक म्हणजे मी.

त्या मडक्याबद्दल आधी सांगते. मालन आणि मी दौंडच्या रेल्वे वसाहतीत शेजारी वाढलो. तिचे वडील धनगर घराण्यातले. मेंढरं सुटली तसे ते रेल्वेत लागले आणि सिग्नलच्या केबिनमध्ये काम करू लागले. माझे बाबा लोकोशेडमध्ये फिटर, आणि कामावरून सुटले की युनियनचे. आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असत. अक्षरं मी पाटीवर कमी आणि पत्रकांवर जास्त शिकले. मालनला आई नव्हती. आम्ही दोघी सातवीत असताना ती अचानक वाळायला लागली. भाकऱ्या खायची दुपटीनं आणि अंगाला काही लागायचं नाही. आमच्याकडे आली की तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची. आई हसून म्हणायची, "ह्या पोरीनं माझा माठ कोरडा केला बया!" मग एक दिवस आईचं हसू थांबलं. मालनच्या वडलांना बोलावून ती म्हणाली, "आण्णा, ही तहान उन्हाची न्हाई. दवाखान्यात दावा." दवाखान्यात निघाला मधुमेह. म्हाताऱ्यांना होतो तो नव्हे. पोटातली ग्रंथी जे द्रव्य बनवते ते मालनच्या शरीरात बनेनासंच झालं होतं. ते आता रोज सुईनं घ्यायचं, जन्मभर.

औषधाची बाटली थंड ठेवायची. बर्फाचं कपाट वसाहतीत साहेबाकडे होतं. मालनच्या घरावर पत्रा, आमच्या घरात मोरीच्या कोपऱ्याला कायमची सावली. आईनं कुंभाराकडून एक छोटं मडकं आणलं, ते परातीतल्या ओल्या वाळूत बसवलं, आत कोरड्या पेल्यात बाटली ठेवली आणि वरून ओलं फडकं गुंडाळलं. काचेची सिरिंज उकळायला तिनंच शिकून घेतलं. शाळेचं तोंड न पाहिलेली माझी आई सिरिंजवरच्या रेघा वाचायला शिकली. माझ्या नावानं छापलेलं पहिलं पत्रक मी तिच्यापुढे धरलं तेव्हा ती म्हणाली होती, "मला कुठं वाचता येतंय, बाळ? तूच सांग काय हाय." सिरिंजच्या रेघा मात्र तिला येत होत्या. ही गोष्ट मला आजवर पचलेली नाही.

आणि ते मडकं होतं बौद्धाच्या घरात, पाण्याच्या शेजारी. मालनची निमोण्याची आत्या भावाकडे आली की आमच्या ओट्यावर बसायची, गप्पा मारायची, पण चहा नको म्हणायची. "आत्ताच झालाय की." तिचा चहा नेहमी आत्ताच झालेला असायचा. मी कॉलेजात गेल्यावर पाणवठ्यावरच्या शिवाशिवीबद्दल एक जळजळीत पत्रक लिहिलं, त्याच्या प्रती शिरूर तालुक्यातल्या गावोगाव वाटल्या. मालननं काहीच लिहिलं नाही. तिचा जीव आमच्या माठाशेजारी ठेवलेला होता, ती रोज येऊन तिथलंच पाणी प्यायची आणि भाकरी मोडायची. मी तिला म्हटलं, "तुझ्या आत्याला जाब विचार." ती म्हणाली, "विचारते की. पर आधी तिला तहान तर लागू दे." मला असली उत्तरं कधी सुचली नाहीत. मला नेहमी पूर्ण पानभर मजकूर सुचायचा.

मालन शिरूरच्या शाळेत मास्तरीण झाली, तिथेही तिनं तसंच एक मडकं मांडलं. आण्णा वारल्यावरही सुट्टीला दौंडला आमच्याकडेच यायची, नाहीतर तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात जायची. आपल्या आजाराबद्दल मिळेल ते ती वाचायची, पुण्याच्या डॉक्टरीणबाईंना प्रश्न विचारून हैराण करायची. त्यातूनच तिला बायकांच्या इतर दुखण्यांचा नाद लागला. बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांमध्ये पोत्यावर बसून ती बोलायची. एकदा मीही सोबत गेले, हातात पत्रकं घेऊन. गळ्याशी आलेली गाठ पदराखाली झाकणारी एक, पाळी महिनोन् महिने येत नाही आणि हनुवटीवर केस येतात म्हणून देवरुष्याकडे नेलेली एक सून, उतारवयातल्या अंगातल्या आगीनं भर थंडीत दार उघडून बसणारी एक म्हातारी... मालन म्हणाली, "दौंडचं जंक्शन बघितलंय ना? एका केबिनीनं निरोप चुकीचा दिला तर मनमाडची गाडीबी खोळंबती आन् सोलापूरचीबी. आपण गाडीला शिव्या देतो. आपल्या अंगात आशाच केबिनी हायेत, गळ्यात, पोटात, डोक्यात, ओटीपोटात. निरोप रगतातनं जातोय. निरोप कमी पडला न्हाईतर जास्ती झाला, की केस गळत्यात, झोप उडती, पाळी चुकती, जीव कशातच लागंना व्हतो. मग लोक म्हणत्यात बाई आळशी, बाई वांझ, बाईला लागीर झालंय. बाईला काय बी झालेलं न्हाई. निरोप चुकलाय."

"मंग गोळी घेतली की भागलं?" म्हातारीनं विचारलं.

"गोळी लागंल तिथं गोळी, आन् ती डॉक्टरला दावूनच. पर गोळी अर्धं काम करती, आजी. सगळ्यांच्या मागनं, भांड्याला लागलेलं खाऊन, दिवसभर पाणी वाहून, सासूचं ऐकून झोपलीस, तर उरलेलं अर्धं कोण करणार?"

"आन् ते कारल्याच्या रसानं साखर जाती म्हणत्यात ते?"

"कारलं खा की, भाजी करून. सुईच्या जागी न्हाई."

"मास्तरीणबाय, तुमचं लगीन कवा?"

"सुई धरणारा मिळाला की!"

हसण्याचा गलका झाला. गाठवालीनं पदर बाजूला केला आणि गळा पुढे केला. माझी पत्रकं त्या बायकांनी आदरानं घेतली. परत निघताना मी पाहिलं, एका पत्रकात शेंगा बांधल्या जात होत्या. त्याच विषयावर होतं ते, स्त्रीच्या श्रमावर! मालनच्या केबिनी मात्र पुढच्या बाजारी बायका एकमेकींना सांगत होत्या. मला मत्सर वाटला. तो वैचारिक वगैरे नव्हता.

खरी ठिणगी पडली ती रेल्वेच्या संपानंतरच्या उन्हाळ्यात. आईला काय झालंय ते आम्हाला कळत नव्हतं. ती बसल्या जागी झोपायची. चेहरा सुजल्यासारखा, आवाज घोगरा. केसांसाठी आम्ही तिला तेल दिलं, पोट साफ होईना म्हणून चूर्ण, आणि झोपेसाठी टोमणे. बाबा, एवढे युनियनचे, तेही म्हणायचे, "तुझा काय कायमचा संप हाय का?" मी बाबांशी कडाडून भांडले. घरकाम हेही काम आहे यावर मी त्यांना स्वयंपाकघरात व्याख्यान दिलं. आई ऐकता ऐकता पेंगली. त्यानंतर लवकरच मालन आली. भर वैशाखात आई घोंगडं पांघरून बसली होती. मालननं सुईसाठी दंड पुढे केला आणि आईच्या बोटांचा गारवा लागताच म्हणाली, "मावशी, पाळी कशी जाती तुमची? अंगावरनं लई जातंय ना?" आई म्हणाली, "व्हय गं. केवढ्या दिसांपासनं." आणि मग आई बोलतच राहिली... तिला नावं आठवत नाहीत, चुलीपाशी रडू येतं, जिन्याला पाय उचलत नाही, आपण वेड्या होतोय असं वाटतं. मी तिथेच बसले होते. यातलं एक अक्षर तिनं मला सांगितलं नव्हतं.

नंतर मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस? आई म्हणाली, "तू लगीच भांडायला उठतीस. मालन आधी हात धरती."

ज्यांच्यावर आम्ही तेल, चूर्ण, टोमणे देत होतो ती वेगवेगळी दुखणी मालननं एकत्र बांधली आणि त्यांना एकच नाव दिलं. गळ्यातली ग्रंथी मंदावली आहे. आईला पुण्याला तीच घेऊन गेली. रक्त तपासलं, रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी आली. परत आल्यावर तिनं बाबांना समोर बसवलं आणि गोड आवाजात सांगितलं, "काका, गोळी मावशी घेतील. पाणी तुम्ही भरायचं." बाबा दुसऱ्या दिवशी हंडा घेऊन निघाले! मी इतकी वर्षं मागणी करत होते. महिने लागले, पण आई परत आली. आवाज आला, केस आले, शिव्याही आल्या. माझी आई मला मालननं आणून दिली. आणून दिली म्हणते खरी, पण अर्धी तिनं स्वतःकडे ठेवून घेतली.

आता निमोणं. मातीला आम्ही पोचलो नाही, तिसऱ्या दिवशी गेलो. आत्या ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. कोणी न विचारता ती सांगायला लागली. मालन यात्रेला म्हणून आली होती. ताप भरला, उलट्या सुरू झाल्या, पाण्याचा घोटसुद्धा ठरेना. ग्लानीत बडबडायला लागली. औषधाची बाटली तिथेही तशाच ओल्या मडक्यात होती, सुई होती, टोचायला आत्याला मालननंच शिकवलं होतं. "पर पोटात अन्नाचा कण न्हाई, वैनी. तिनंच मला शिकवलेलं, सुई जेवणाच्या आधी. आन् ही जेवंच ना. रिकाम्या पोटी कशी टोचू? म्हटलं जरा पेज ठरू दे, मग देते..." मायेनं थांबली होती ती. ताप-उलटीत सुई थांबवायची नसते, अशा वेळी तर ती जास्तच लागते, न दिली तर रक्तच आंबतं, हे मालन तळेगावच्या बाजारात सांगायची. आत्याच्या घरी ती मास्तरीण नव्हती. तिथे ती यात्रेला आलेली भाची होती. तिथे ते सांगायचं राहून गेलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. अज्ञानावर एक आख्खं पान माझ्या ओठांवर आलं. आईनं माझ्या मनगटाला धरलं आणि स्वतः आत्याच्या शेजारी टेकली. "सुई पोटासाठी नसती, वन्सं. रगतासाठी आसती," एवढंच हळू म्हणाली. मग आपल्या पिशवीतला तांब्या काढून तिच्यापुढे धरला. दौंडहून आणलेलं, आमच्या माठातलं पाणी. आत्यानं तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि गटागटा प्यायली. मालननं म्हटल्याप्रमाणे आत्याला तहान लागली होती... आणि तेव्हाही मला वाटलं, हेही तुझ्याच नावावर, मालन? हेसुद्धा?

घरी आल्यापासून आईनं गोळी सोडली. "जिनं लावली ती ऱ्हायली न्हाई. मला काय करायचीय?" मी तिला समजावलं, रागावले, मालनचीच केबिनीची उपमा मालनपेक्षा चांगल्या शब्दांत ऐकवली. ती ऐकून घ्यायची आणि घोंगड्याकडे हात न्यायची. तोंडावर पुन्हा सूज दिसायला लागली. एक गोष्ट मात्र ती चुकवत नव्हती. सकाळी उठली की आधी त्या रिकाम्या मडक्यावरचं फडकं ओलं करायचं, झाकणी उचलून आत बघायचं, मग तोंड धुवायचं. मी किती पत्रकं लिहिली असतील, पण आईची सकाळ काही मला बदलता आली नव्हती. म्हणून मी तिच्या सकाळीतच शिरले.

आता मी आईच्या आधी उठते. गोळी कागदाच्या पुडीत बांधून मडक्यातल्या पेल्यात ठेवते. कागद घरात एकाच तऱ्हेचा आहे, जुन्या पत्रकांचा. पहिल्या दिवशी पुडी दिसली तेव्हा आई बराच वेळ झाकणी हातात धरून उभी राहिली. मग गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली आणि मडक्यावरून हात फिरवत म्हणाली, "घेतली गं, मालन." तेव्हापासून रोज घेते. कोण ठेवतं ते तिला कळत नाही असं नाही. पण विचारत नाही, आणि मी सांगत नाही. सूज उतरायला लागली आहे. परवा तिनं बाबांना हंड्यावरून शिवीही दिली.

ती माझा कागद चुरगाळून चुलीत टाकते, फडकं ओलं करते. मी दाराआड उभी असते. अजूनही जळते. मग उद्याच्या पुडीसाठी गठ्ठ्यातून आणखी एक पत्रक ओढते.