खवणीवरचे सॅमसनकाका

विलायतेत हॉर्नबीच्या खेळण्यातल्या आगगाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर लोक बागेत बटाटे लावतात. सॅमसन नागावकरांनी गॅरेजमध्ये रंग मांडले. कोकणातल्या मराठी ज्यूंचं घर कसं असतं, हे इथल्या लोकांना कोण सांगणार? म्हणून काका तेच काढत: दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे पवित्र वचनांच्या डबीला, हात लावून बोटं ओठांना नेणारी माणसं, शुक्रवारचा तेलाचा दिवा, हिरव्या बांगड्यांची नवरी. पाय तेवढे सगळ्यांचे एकाच बाजूला वळलेले.

लायब्ररीनं प्रदर्शनासाठी मलिद्याच्या, म्हणजे देवाचे आभार मानायच्या विधीचं चित्र मागितलं, तसे काका फुशारले. पण खरी परीक्षा घरातच होती. फ्लोराकाकूंनी "हे आपलं घर" म्हटल्याशिवाय त्यांचं एकही चित्र उंबरठा ओलांडत नसे.

काकूंनी चष्मा लावला. ताटात गूळ-खोबऱ्याचे पोहे, पाच फळं, वर गुलाब. भोवती टोप्या घातलेले पुरुष प्रेषित एलियाहू हन्नबीचे आभार मानताहेत. मधोमध खुद्द काका, वयानं वीस वर्षं लहान.

"झकास. मलिदा ताटात आपोआप उगवला वाटतं?"

"म्हणजे?"

"अहो, नारळ कोणी खवला? चाळीस वर्षं मी काय दाराबाहेर उभी होते?"

काकांनी पुन्हा पाहिलं. खरंच की, चित्रात बाईमाणूस औषधालाही नव्हतं. त्यांना मनापासून वाईट वाटलं.

दोन दिवसांत कोपऱ्यात स्वयंपाकघर आलं. खुर्चीत ऐसपैस बसलेल्या काकू, आणि खवणीवर नारळ खवणारे काका. आता तर ती विरघळणारच, असं त्यांना वाटलं.

"हे तर धडधडीत खोटं," काकू म्हणाल्या. "खवणी कुठे असते ते तरी ठाऊक आहे का?"

नव्हतं. तीन कपाटं उपसून झाल्यावर चौथ्यात सापडली. प्रदर्शनाच्या सकाळी काकांनी नारळ फोडला, पाणी शर्टावर घेतलं आणि खवायला बसले. काकू मुद्दाम खुर्ची ओढून समोर बसल्या, चहा पीत. खोबऱ्यात करवंटीही बरीच पडली, आणि शेवटी बोट कापलं.

काकूंनी हसू दाबत बोटाला पट्टी बांधली. मग उठून गॅरेजमध्ये गेल्या. काका मागोमाग धावले, तोवर त्यांनी ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला होता. चित्रातल्या काकांच्या बोटाला त्यांनी नीट, दोन वेढ्यांची पट्टी काढली.

"न्या आता," त्या म्हणाल्या. "हे आपलं घर."