माझ्यासारखं यंत्र असलेला माणूस

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना माझी पाठ गेली. एसटीत वाहक होते मी. यवतमाळ–राळेगाव, यवतमाळ–वणी, सगळा जन्म उभ्यानं तिकिटं देण्यात गेला. मणक्याचं ऑपरेशन झालं, तरी डाव्या पायातली आग काही विझली नाही. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी कमरेच्या वर, कातडीखाली, काडेपेटीएवढं एक यंत्र बसवलं. त्याच्या दोन बारीक तारा मणक्यापर्यंत जातात. ते नसांना अगदी हलका करंट देत राहतं, आणि दुखण्याच्या जागी नुसती झिणझिण उरते. पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाच्या कंपनीचा विमा होता म्हणून ते जमलं. मुलगा आठ दिवस राहिला आणि परत गेला.

यंत्रासोबत नियम आले. दर गुरुवारी चार्जरचा पट्टा कमरेला बांधून तासभर बसायचं. विचारल्याशिवाय एमआरआय काढायचा नाही. आणि दवाखान्यातली ती विजेची शेकाची मशीन अंगावर कुठेही लावून घ्यायची नाही, यंत्र बंद असलं तरी नाही. तारा आतल्या आत तापतात, नस जळू शकते. यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या माणसानं हे माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. एक कार्डही दिलं. सगळं इंग्रजीत.

शेजारणीला मी हौसेनं सगळं सांगितलं. तिची दोन वर्षांची नात रोज माझ्या मांडीवर येऊन बसायची. दुसऱ्या दिवशी पोर दारातून आत यायला लागली, तर शेजारणीनं तिला दंडाला धरून मागं ओढलं.

"काही होत नाही हो," मी म्हटलं.

"तसं नाही ताई. पण करंट हाय म्हणता, अन् लेकरू हाय ना."

त्यानंतर मी कोणालाच सांगितलं नाही. नोकरीत दिवसभर माणसांशी बोलणं चालायचं. आता कधी कधी संध्याकाळी दूधवाल्याशी बोलताना आवाज घोगरा निघायचा, तेव्हा कळायचं की सकाळपासून तोंडच उघडलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात उजवा खांदा आखडला. वेणी घालता येईना. गावातल्याच एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण होता, घाईत होता. बाकावर माणसं ताटकळत बसलेली. त्यानं मला खाटेवर झोपवलं आणि दोन गोल थाळ्यांची मशीन ओढून खांद्याजवळ आणली.

"डॉक्टर, माझ्या पाठीत मशीन बसवलेली आहे."

"पेसमेकर हाय का?"

"नाही. नसांची आहे."

"मंग चालते काकू. आपण खांद्याले शेक देऊन राह्यलो, पाठीले नाही."

मी उठून बसले. "अंगावर कुठंच चालत नाही म्हणून सांगितलंय मला."

"घाबरू नोका. रोज किती लोकाइले देतो मी."

बाकावरून कोणीतरी म्हणालं, "घ्या ना बाई लवकर." मी कंपनीच्या माणसाला फोन लावला. घंटी वाजत राहिली, त्यानं काही उचलला नाही. मला एकदम वाटलं, झोपून घ्यावं. इतक्या लोकांसमोर एकटीनं किती वेळ नाही म्हणायचं? पण मग पर्समधून कार्ड काढलं आणि त्याच्या हातात दिलं. "तुम्ही शिकलेले आहात. हे वाचा. वाचून म्हणाल तर झोपते."

त्यानं उभ्यानंच वाचलं. उलटं करून मागची बाजू वाचली. मग भिंतीवरचं बटण बंद केलं आणि स्टुलावर बसला.

"काकू, आमाले हे शिकवलं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "पेसमेकरचं तेवढं लक्षात राह्यलं." त्यानं कार्ड मला परत दिलं. "मागच्या महिन्यात राळेगावकडचे एक गुरुजी आलते. तेही म्हणत होते, पाठीत मशीन हाय म्हणून."

त्यानं तिथंच वहीतून नंबर काढून फोन लावला. मला खरं तर भीती वाटायला हवी होती. पण मनात आलं ते वेगळंच. या जिल्ह्यात माझ्यासारखं यंत्र असलेलं आणखी एक माणूस आहे.

"गुरुजी, मी तुमाले शेक देल्ला होता का?"

"नाही बा," पलीकडून म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. "तुमची मशीन बिघडली होती त्या दिवशी. नुसते व्यायाम देल्ले."

डॉक्टरनं डोळे मिटले. "अन् पाठीतलं यंत्र कसं हाय?"

"ते तर आमची बाई गेल्यापासून बंदच हाय. पाय लय दुखते. कोणाले विचारू?"

मी डॉक्टरच्या हातातून फोन घेतला.

रविवारी मी एसटीनं राळेगावला गेले आणि तिथून ऑटोनं त्यांच्या गावी. त्यांचा मुलगा आणि सून कापूस वेचायला वावरात गेले होते. गुरुजी बाजेवर पाय लांब करून बसले होते. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. पट्टा दर आठवड्याला त्यांची बायको बांधून द्यायची. ती पावसाळ्यात वारली. चार्जर कपाटात टॉवेलात गुंडाळलेला होता, तिनं ठेवला तसाच.

मी पट्टा बांधून पाहिला. दिवा लागेना. या वेळी कंपनीच्या माणसानं फोन उचलला. "बॅटरी पार उतरली असेल. घरी होणार नाही. नागपूरला आणा, प्रयत्न करू."

"एवढ्या दूर कोण नेईन?" गुरुजी म्हणाले. "पोराचा कापूस चालू हाय."

"मी नेते," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही नागपूरला गेलो. दवाखान्यात त्यांच्या पाठीला बाहेरून दुसरं यंत्र लावून दोन माणसं बराच वेळ खटपट करत होती. मी बाहेरच्या बाकावर बसून होते. कोणासाठी असं बाहेर बसून राहणं मी विसरूनच गेले होते. आत बोलावलं तेव्हा गुरुजी खुर्चीच्या कडेवर बसलेले होते.

"आलं," ते म्हणाले. "मुंग्या आल्या पायात." मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "तिनं पाहाले पाह्यजे होतं."

परत आल्यावर मी त्यांना मोठ्या अक्षरात मराठीतून लिहून दिलं. पट्टा गुरुवारी. शेकाची मशीन कुठंच नाही. एमआरआय विचारून. कोणत्याही डॉक्टरला पहिलं वाक्य यंत्राचं. गुरुजींनी ते लाल पेनानं तपासलं, दोन वेलांट्या सुधारल्या आणि मग भिंतीला लावलं. फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरनंही नंतर दारावर पाटी लावली: अंगात कोणतंही यंत्र असल्यास आधी सांगा.

तेव्हापासून गुरुवारी आम्ही दोघं आपापल्या घरी पट्टा बांधून फोनवर बोलायचो. ते शाळेतल्या गोष्टी सांगायचे, मी बसमधल्या. कधी दोघंही गप्प असायचो, पण फोन चालूच असायचा.

उन्हाळ्यात त्यांची मुलगी त्यांना आदिलाबादला घेऊन गेली. आधी दर गुरुवारी फोन व्हायचा, मग पंधरा दिवसांनी. शेवटचा मीच केला. मागं पोरांचा गलका, टीव्ही, भांड्यांचा आवाज.

"दात काढाले गेलतो बाई. डॉक्टरले पहिलेच सांगतलं, पाठीत यंत्र हाय म्हणून."

"बरं केलं. पट्टा वेळेवर बांधता ना?"

"नातीन बांधून देते आता. तिले समजते सारं."

"मग चिंता नाही," मी म्हटलं.

त्यांना कोणीतरी जेवायला हाक मारली. "ठेवतो बाई," म्हणाले. माझा मुलगा यंदा दिवाळीला येणार नाही, एवढं मला त्यांना सांगायचं होतं. ते राहून गेलं.