धुराच्या निगेटिव्ह

दादाला जाऊन अकरा महिने झाले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "ताई, वर्षश्राद्धाला त्यांचा फोटो नको. त्यांनी काढलेला एखादा लावू. आयुष्यभर नावं ठेवली मी त्या फोटोंना."

माझा भाऊ वाफेच्या इंजिनांचे फोटो काढायचा. खरं तर वाफेचेच. थंडीतल्या पहाटे दौलताबादच्या बाजूला, रुळांपासून लांब उभा राहून. मीटरगेजची गाडी यायची, इंजिन चौकटीबाहेर निघून जायचं, आणि मागे जे तरंगत उरायचं त्यावर तो बटण दाबायचा. वडील फोटो हातात धरून विचारायचे, "गाडी कुठंय?"

"गेली," दादा म्हणायचा.

"म्हणजे गाडी चुकल्याचा फोटो काढलास व्हय?"

पुढे रूळ रुंद झाले, ती इंजिनं गेली, आणि त्याने कॅमेरा कपाटात ठेवून दिला. छापलेले फोटो त्याने इंजिनावरच्या लोकांनाच वाटून टाकले होते. उरला होता निगेटिव्हचा एक पत्र्याचा डबा. तो माझ्याकडे होता, कारण फिल्म धुण्याचं शेवटचं काम माझं असे. न्हाणीघरात अंधार करून तो रसायनांचं सगळं करायचा, मग दार उघडून ओली फिल्म माझ्या हाती द्यायचा. "तुझा हात सावकाश आहे," म्हणायचा. मी ती टबातल्या पाण्यात खाली-वर करत मनात शंभर मोजायचे.

वहिनींसाठी डबा उघडला, तर पट्ट्यांवर बुरशीचं बारीक जाळं पसरलेलं. माझी नोकरी ग्रंथालयात झाली. बुरशी लागलेल्या पुस्तकाला मी पाण्याचा थेंब लागू दिला नसता. पण फिल्म पाण्यातूनच आलेली, तिला पाण्याचं काय भय, असं मला वाटलं.

नळ येऊन पाच दिवस झाले होते, पिंपात थोडंच पाणी होतं. एकेक पट्टी धुवायला ते पुरलं नसतं. म्हणून सगळ्या एकाच टबात सोडल्या, हात घातला आणि मोजू लागले. चाळीसच्या आसपास पाणी राखाडी दिसलं. पट्टी उचलली तर ती कोरी, काचेसारखी. चित्र सायीसारखं सुटून वर आलं होतं. बोट लावलं तसं विरलं.

गुलमंडीजवळच्या जुन्या स्टुडिओत एक चाचा बसतात. त्यांच्याकडे त्या पट्ट्या नेल्या. त्यांनी एकेक दिव्यासमोर धरली.

"पानी लगाया, आपा?"

"हो."

"बुरशी चित्राचा थर खाऊन टाकते. मग तो पाण्यात टिकत नाय. सुक्या आणल्या असत्या तर कायतरी निघालं असतं." शेवटची पट्टी खाली ठेवत त्यांनी विचारलं, "सब के सब?"

मी मान हलवली. त्यांनी पट्ट्या नीट पाकिटात घालून परत दिल्या.

वहिनींना सांगायला मला दोन दिवस लागले. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "तुम्ही तर सगळे बघितलेत. काय होतं त्यांत ते सांगा तरी."

मी सांगू लागले. किल्ल्याचा डोंगर फिकट, जवळजवळ पांढरा. त्याच्यापुढे काळा धूर, दाट, वर पसरत गेलेला.

"पण तो पांढरा असायचा ना?" वहिनी म्हणाल्या. "लग्न झाल्यावर एकदा मला नेलं होतं. थंडीत पांढराशुभ्र दिसतो म्हणून तर पहाटे उठवलं होतं."

पांढराच असणार. मी बघितल्या त्या टबातल्या ओल्या निगेटिव्ह, जिथे सगळं उलटं असतं. छापलेला फोटो हाती आला की मी एक नजर टाकून पुन्हा पुस्तकात जायचे. रुळांकडे कधी गेलेच नाही. त्याने बोलावलं होतं. कधी परीक्षा असायची, कधी नुसती थंडी.

"अजून सांगा," वहिनी म्हणाल्या.

दुसरा फोटो आठवून बघितला. त्यातला धूरही काळाच आठवला.