सरकी किती बोटं गेली?

वालूरच्या जिनिंगमध्ये काट्यावर बसणारे व्यंकटराव जगाकडे तोलायची वस्तू म्हणूनच बघत. कापसाची गाडी तोलून झाली की त्यांचं काम संपायला हवं. पण गाडी रिकामी होईपर्यंत ते गाडीवानाचा फेटा तोलत, बैलाच्या गळ्यातली घंटा तोलत. एकदा तर स्वतःच्या दाढीचे उतरलेले केस तोळ्याच्या तराजूत घालून त्यांनी बायकोला, पार्वतीबाईंना, हाक मारली होती.

"बघ, आठवड्याची दाढी पाव तोळा बी भरत न्हाई."

"मग आता दुसऱ्या पारड्यात अक्कल टाका," पार्वतीबाई म्हणाल्या.

व्यंकटरावांना राग आला नाही. अक्कल कशी तोलावी याचा विचार करत ते त्या दिवशी उशिरा जेवले.

निजामाच्या राज्यात ते चौथीपर्यंत उर्दूत शिकले होते. त्यातला एकच शब्द त्यांनी आयुष्यभर वापरला. वजन बरोबर भरलं की ते म्हणत, "दुरुस्त." मुलासाठी सून पसंत पडली तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते.

ही गोष्ट शहाऐंशी सालच्या हंगामातली. जिनच्या रुळांतून कापूस गेला की रुई एका बाजूला पडते, सरकी, म्हणजे कापसाचं बी, दुसऱ्या बाजूला. तिसरा एक बारीक धुराळा असतो, तो कुठेच पडत नाही. तो हवेत राहतो आणि तिथून माणसात जातो. मुंजाजी नऊ हंगाम त्या धुराळ्यात उभा होता. जिनला कापूस लावायला त्याच्याइतका चपळ हात दुसरा नव्हता, पण आता त्याला खोकला असा धरायचा की हातातला कापूस टाकून खाली बसावं लागे. मालक बन्सीधरशेठ दोनदा बघून गेले होते. तिसऱ्यांदा बसलेला दिसला तर जिनवरून काढणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुंजाजीला शेत नव्हतं. जिन सुटलं तर ऊस तोडायला जायचं, आणि त्याला तर वेशीपर्यंत चाललं तरी दम लागत होता.

त्याची बायको धुरपताबाई काट्यावर आली. "भावजी, सेलूचा डॉक्टर म्हणतोय तोंडाला रुमाल बांधा. ह्यांना सांगून सांगून माझी जीभ वाळली. तुमचं ऐकत्याल."

व्यंकटराव जिनखोलीत गेले आणि त्यांनी सगळ्यांना रुमाल बांधायला सांगितलं. किशनराव नावाचा एक जिनवाला होता. त्याचं तोंड कायम तंबाखूनं भरलेलं, तरी बोलण्यात सगळ्यांच्या पुढे. तो म्हणाला, "खळ्यावर बैलाला मुसकं बांधत्यात, त्यानं धान खाऊ न्हाई म्हणून. आमी काय सरकी खायलाव का शेटजीची?"

सगळे हसले. मुंजाजीही हसला आणि हसता हसता खोकत बसला. शिवाय रुमाल बांधला तर थुंकायचं कुठं, हा मोठाच प्रश्न होता. फक्त सरकी पाखडणारी सरजाबाई नाकावरून पदर घट्ट घेऊन बसायची, पण बाईमाणसाचं अनुकरण कोण करणार?

व्यंकटराव परत काट्यावर आले आणि त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाचा रुमाल सकाळी तोलायचा, संध्याकाळी तोलायचा, वाढलेलं वजन दारावर खडूनं लिहायचं. ज्याच्या रुमालानं जास्त धुराळा अडवला, त्याच्या हातून शनिवारी मारुतीपुढे नारळ फुटणार.

पहिल्याच दिवशी सगळ्यांची तोंडं बांधलेली. व्यंकटरावांची छाती अशी फुगली की तीच तोलून बघावी. आकडे रोज चढत होते. किशनरावचा रुमाल एके दिवशी एकदम तीन तोळे भरला. उघडून बघितला तर आत तंबाखूचे दोन बार मुरलेले. कोणी रुमालाच्या घडीत रुई कोंबून आणली, कोणी तो हौदात बुडवून आणला. ही लबाडी व्यंकटरावांना चटकन कळायची. तिसऱ्या आठवड्यात मात्र अगदी प्रामाणिकपणे मुंजाजी पहिला आला आणि व्यंकटरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. नारळ फोडताना मुंजाजीला इतकी उबळ आली की नारळ दुसऱ्यानं फोडला.

सोमवारी सरजाबाई काट्यावर आली. "काका, तुमी त्या माणसाला मारायलाव."

"मी?"

"या, बघा."

व्यंकटरावांनी दारातून बघितलं. धुराळा जिथून सर्वांत दाट उसळत होता, नेमका तिथेच मुंजाजी जिनवर वाकून तोंड घालून उभा होता. रुमाल जड व्हावा म्हणून.

"अरे, मागं सर की," व्यंकटराव ओरडले.

"मागं सरलो तर नंबर जाईल," रुमालाआडून मुंजाजी म्हणाला. "नऊ वर्सात पयला नंबर कदी आला न्हाई माझा."

व्यंकटरावांनी दारावरचे आकडे हातानंच पुसले. पुढचे तीन दिवस त्यांनी कापसाच्या गाड्यांखेरीज काहीही तोललं नाही. पार्वतीबाई घाबरल्या, वैद्याला बोलवावं का म्हणाल्या. चौथ्या दिवशी ते सरजाबाईसमोर उकिडवे बसून होते. ती सुपातला कचरा फुंकत होती. एक सरकी फुंकरीनं उडाली आणि फरशीवर लांब घरंगळत गेली. व्यंकटराव उठले आणि ती कुठवर गेली ते बोटांनी मोजू लागले. तिथून ते थेट सुताराकडे गेले.

सुतारानं दोन हात लांबीची फळी केली, मध्ये उथळ पन्हळ, कडेला बोटाबोटावर खुणा. व्यंकटरावांनी एक सरकी निवडून तिच्यावरची लव वस्तऱ्यानं तासली आणि ती तपकिरीच्या डबीत ठेवली. सगळ्यांना तीच सरकी. ती पन्हळीच्या टोकाला ठेवून कामावर येताना एक फुंकर, जाताना एक. बक्षीस नाही, नारळ नाही.

"मग फुंकायचं कशाला?" किशनराव म्हणाला.

"मला बघायचंय," व्यंकटराव म्हणाले. हे खरंच होतं.

सकाळी किशनरावची सरकी सव्वीस बोटं गेली. सरजाबाईची बावीस. मुंजाजीची अकरा. संध्याकाळी सरजाबाईची पुन्हा बावीस, किशनरावची सतरा.

"बाईच्या मागं?" कोणीतरी विचारलं. किशनरावनं तोंडातला बार थुंकून पुन्हा फुंकलं. सोळा.

मुंजाजीची सहा बोटं गेली. तो फळीकडे बघत राहिला. "सरकी जड झाली," तो म्हणाला. व्यंकटरावांनी तिथल्या तिथे ती तोलून दाखवली. जड झाली नव्हती. मुंजाजीनं पुन्हा फुंकर मारली. पाच. 

दुसऱ्या सकाळी त्यानं रुमाल दुहेरी करून बांधला आणि जिनपासून एक पाऊल मागे उभा राहिला. संध्याकाळी नऊ. "तीन बोटं वाढली," तो प्रत्येकाला सांगत सुटला, शेटजींच्या गड्यालासुद्धा.

मग त्या जिनखोलीला भलताच नाद लागला. ओला रुमाल बरा की कोरडा? एकेरी की दुहेरी? ओला दुहेरी सर्वांत चांगला, हा शोध तिघांनी एकाच दिवशी लावला आणि श्रेय किशनरावनं घेतलं. त्यासाठी त्यानं दुपारपर्यंत तंबाखू सोडली होती, त्यामुळे कोणी वाद घातला नाही. मुंजाजीनं मात्र वेगळंच टिपलं. पूर्वेच्या बंद दाराला फटी होत्या. त्या टोकाला उभा राहणारा कोणीही असो, संध्याकाळी त्याची बोटं कमी घटत. ते दार उघडायला हवं होतं.

शेटजी नाही म्हणाले. वाऱ्यानं रुई उडते. व्यंकटराव त्यांच्याशी वाद घालायला गेले नाहीत. फळी बगलेत मारून ते गादीपाशी गेले.

"शेटजी, एक फुंकर."

शेटजींची एकोणीस बोटं गेली. त्यांना आवडलं. "आता तासभर जिनखोलीत चला, मग पुन्हा," व्यंकटराव म्हणाले. शेटजी गेले, तासभर उभे राहिले, शिंकले, आणि परत येऊन त्यांनी फुंकलं. बारा.

"ही सरकी तीच आहे?"

"तीच. तोलू का?"

शेटजींनी फळी दूर सारली आणि गड्याला पूर्वेचं दार उघडायला पाठवलं. शिवाय दारावर जुनी गोणपाटं ओली करून लावायला सांगितली, रुई उडू नये म्हणून. ही कल्पना आपलीच, असं ते पुढे कितीतरी दिवस सांगत.

चैत्रात हंगाम संपला. गेलेला दम सगळा परत येत नाही, हे सेलूच्या डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं. मुंजाजीची सरकी पंधरा बोटांच्या पुढे कधी गेली नाही. पण सकाळी पंधरा आणि संध्याकाळी चौदा, असं महिनाभर चाललं, आणि त्या महिन्यात तो एकदाही खाली बसला नाही.

शेवटच्या दिवशी शेटजी जिनखोलीत आले. "मुंजाजी, पुढच्या हंगामाला आहेस ना?"

नऊ हंगामांत शेटजी विचारत आणि मुंजाजी मान हलवत, एवढंच होतं. या वेळी त्यानं रुमाल खाली ओढला आणि आधी व्यंकटरावांकडे बघितलं.

"येतो शेटजी. पण मला पूर्वेच्या दाराजवळचं जिन पायजे."

 शेटजींनी मान हलवली.

"दुरुस्त," व्यंकटराव म्हणाले.